हवाई बेटांतील राजपरंपरा व तेथील प्रवास

पृथ्वीचा गोल फिरवून पॅसिफिक महासागराकडे पाहिलें, तर त्या अफाट निळ्या विस्तारांत एकीकडे कांहीं बारीक ठिपके आढळतात. तींच हवाई बेटें होत. कॅलिफोर्नियाचा किनारा येथून सुमारें २,४०० मैल दूर आहे. इतक्या एकान्तांत वसलेल्या ह्या बेटांना आज बहुतेक लोक सुंदर समुद्रकिनारे व फुलांच्या माळा ह्यांसाठीं ओळखतात. परंतु तेथें एक स्वतंत्र राज्य होतें. त्याला स्वतःची घटना, शाळा, छापखाने व परराष्ट्रांशीं केलेले तह होते. आणि १८९३ सालीं तें राज्य बळानें नाहींसें करण्यांत आलें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. बेटें पाहावयास जाणाऱ्यानें ती आधीं जाणून घ्यावी, आणि ज्यास जाणें शक्य नाहीं त्यानें ती वाचून तरी समजून घ्यावी, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

१. बेटें व तेथील मूळचे लोक

हीं बेटें ज्वालामुखींच्या उद्रेकांमुळें समुद्राच्या तळापासून वर आलेलीं आहेत. मुख्य बेटें आठ : हवाई, माउई, ओआहू, काउआई, मोलोकाई, लानाई, नीहाऊ व काहोओलावे. ह्यांपैकीं शेवटचें निर्मनुष्य आहे. सर्वांत मोठें बेट हवाई. त्याचेंच नांव सबंध समूहास मिळालें. ह्या बेटावरील माउना केआ हा पर्वत समुद्रसपाटीपासून १३,८०० फूट उंच आहे, आणि समुद्राखालचा त्याचा भाग हिशेबांत घेतला तर पायथ्यापासून त्याची उंची ३०,००० फुटांहून अधिक भरते.

नकाशांत पाहिल्यास होनोलुलू शहर जवळजवळ नागपूरच्याच अक्षांशावर असल्याचें दिसेल. तरी तेथें नागपूरचा उन्हाळा नाहीं. कारण चोहोंकडे समुद्र आहे व ईशान्येकडून व्यापारी वारे बहुतेक वर्षभर वाहत असतात. हे वारे डोंगरांस अडून पूर्वेच्या बाजूस पाऊस पाडतात व पश्चिमेची बाजू कोरडी राहते. आपल्या सह्याद्रीमुळें कोंकण भिजतें व देश कोरडा राहतो तोच हा प्रकार. फक्त दिशा उलट. हवाई बेटाच्या पूर्वेस हिलो येथें वर्षाला सुमारें १२० इंच पाऊस पडतो, आणि त्याच बेटाच्या पश्चिमेस कावाइहाए येथें दहा इंचहि कठिणाईनें पडतो.

येथील मूळचे लोक पॉलिनेशियन वंशाचे. सुमारें आठशें ते हजार वर्षांपूर्वीं ते दक्षिणेकडील बेटांतून जोडहोड्यांत बसून आले. त्यांजजवळ होकायंत्र नव्हतें. तारे, लाटांची दिशा व पक्ष्यांचें उड्डाण ह्यांवरून ते मार्ग ओळखीत. हे लोक वाऱ्यानें भरकटत योगायोगानें येथें लागले असावेत, असें कित्येक पंडितांस वाटे. ती शंका १९७६ सालीं फिटली. जुन्या धर्तीवर बांधलेली होकुलेआ नांवाची होडी मायक्रोनेशियांतील माऊ पिआइलुग ह्या नाविकानें कोणत्याहि यंत्रावांचून हवाईहून ताहितीस बिनचूक नेली.

ह्या लोकांनीं आपल्या होड्यांतून कोणतें सामान आणलें, तें पाहिलें म्हणजे कोंकणांतील मुलांस नवल वाटेल. अळू, केळ, ऊस, नारळ, नीरफणस व हळद हीं त्यांतलीं मुख्य होत. आपण अळूच्या पानांची भाजी करतों. ते त्याचा कांदा शिजवून, कुटून त्याचें ‘पोई’ नांवाचें पक्वान्न करतात, आणि तेंच त्यांचें मुख्य अन्न होतें.

२. फुटलेल्या वल्ह्याचा कायदा

१७७८ सालीं इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक ह्या बेटांस आला. पुढच्याच वर्षीं केआलाकेकुआच्या उपसागराशीं झालेल्या तंट्यांत तो मारला गेला. त्या काळीं निरनिराळ्या बेटांवर निरनिराळे सरदार राज्य करीत व आपसांत लढत. ह्या सर्वांस एका छत्राखालीं आणणारा पुरुष कामेहामेहा हा होय. १७९५ सालीं ओआहूवरील नुउआनूच्या लढाईंत त्यानें मोठा विजय मिळविला, आणि १८१० सालीं काउआईचा राजा त्याच्याशीं तह करून त्याचा मांडलिक झाला. तेव्हांपासून सर्व बेटें एक राज्य झालीं.

कामेहामेहाच्या पराक्रमापेक्षांहि त्याची एक गोष्ट तेथील लोक अधिक प्रेमानें सांगतात. तरुणपणीं एकदां त्यानें हवाई बेटाच्या पुना नांवाच्या भागांत (आपल्या पुण्याशीं ह्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं) किनाऱ्यावरील कोळ्यांवर छापा घातला. निरपराध कोळी पळूं लागले. त्यांचा पाठलाग करतांना कामेहामेहाचा पाय थिजलेल्या लाव्हाच्या भेगेंत अडकला. तेव्हां एका कोळ्यानें मागें फिरून हातांतलें वल्हें त्याच्या डोक्यांत असें हाणलें कीं, वल्ह्याचे तुकडे झाले. पुढें कित्येक वर्षांनीं तो राजा झाल्यावर ते कोळी त्याच्यापुढें आणण्यांत आले. आतां आपला वध होणार, असें त्यांस वाटलें. परंतु राजानें अपराध आपलाच होता असें म्हणून त्यांस सोडून दिलें, आणि १७९७ च्या सुमारास एक कायदा जाहीर केला. म्हातारीं माणसें, स्त्रिया व मुलें ह्यांनीं रस्त्याच्या कडेस निजावें तरी त्यांस कोणी इजा करूं नये, असा त्याचा आशय आहे. ह्यास ‘फुटलेल्या वल्ह्याचा कायदा’ म्हणतात. आजच्या हवाई राज्याच्या घटनेंतहि त्याचा उल्लेख आदरपूर्वक ठेवलेला आहे. आपल्या डोक्यावर बसलेल्या तडाख्यांतून जो न्याय शिकला तो राजा खरोखर थोर म्हटला पाहिजे.

३. अक्षरांचें आगमन

१८१९ सालीं कामेहामेहा मरण पावला. त्याच्या अस्थि कोठें ठेवल्या हें आजतागायत कोणास ठाऊक नाहीं. तशीच तेथील चाल होती. त्याच्यामागून त्याचा पुत्र लिहोलिहो गादीवर आला. जुन्या निर्बंधांप्रमाणें स्त्रीपुरुषांस एकत्र जेवण्याची बंदी होती, आणि स्त्रियांस केळीं व नारळ खाण्याचीहि मनाई होती. कामेहामेहाची विधवा राणी काअहुमानू हिनें पुढाकार घेतला, आणि त्याच वर्षीं राजा सर्वांसमक्ष स्त्रियांच्या पंक्तीस बसून जेवला. त्या एका भोजनानें शेंकडों वर्षांचे निर्बंध मोडले.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८२० सालीं, अमेरिकन बोर्डाचे मिशनरी येथें उतरले. ह्याच बोर्डानें पाठविलेले गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती १८१३ सालीं मुंबईस आले होते, आणि त्यांच्या कार्यांतूनच पुढें अमेरिकन मराठी मिशन वाढलें. अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें ह्या मिशननें १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस माहीत असेल. तेव्हां हवाईची व आपली ही एक जुनी नातेवाईकी आहे.

हवाईयन भाषेस तोंवर लिपि नव्हती. मिशनऱ्यांनीं व तेथील सरदारांनीं मिळून थोडक्याच रोमन अक्षरांत ती बसविली. त्यांत पांच स्वर व सात व्यंजनें एवढींच अक्षरें आहेत. १८२२ सालीं पहिला छापील कागद निघाला. १८३१ सालीं माउई बेटावर लाहाइनालुना येथें शाळा निघाली, आणि १८३४ सालीं तेथूनच पहिलें हवाईयन वर्तमानपत्र प्रसिद्ध झालें. राजे व सरदार स्वतः पाटी घेऊन बसले. मग प्रजा मागें कशी राहणार? थोड्याच वर्षांत वाचतां येणाऱ्यांचें प्रमाण त्या काळच्या कित्येक मोठ्या राष्ट्रांस लाजवील असें झालें. पुढील शतकांत हवाईयन भाषेंत शंभरांवर वर्तमानपत्रें निघालीं. ही अक्षरांची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

तिसऱ्या कामेहामेहानें १८४० सालीं राज्यास लेखी घटना दिली. चवथा कामेहामेहा व त्याची राणी एम्मा ह्यांनीं वर्गणीसाठीं स्वतः फिरून १८५९ सालीं रुग्णालय स्थापलें. तें अद्यापि ‘क्वीन्स’ ह्याच नांवानें होनोलुलूंत चालूं आहे. त्याची गरजहि मोठी होती. बाहेरून आलेल्या गोवर, देवी इत्यादि रोगांनीं लोक पटापट मरत होते. कुकच्या वेळीं जे लाखोंनीं होते ते १८९० च्या शिरगणतींत सुमारें ४० हजार उरले.

४. जगप्रदक्षिणा करणारा राजा

१८७४ सालीं डेव्हिड कालाकाउआ निवडून राजा झाला. लोक कमी झाले व ऊंसाच्या मळ्यांस मजूर मिळेनात, म्हणून परदेशांतून माणसें आणावीं व राज्यास मित्र जोडावे ह्या उद्देशानें तो १८८१ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. राज्यावर असतांना सर्व पृथ्वीस प्रदक्षिणा घालणारा हा पहिलाच राजा. जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असें करीत तो कलकत्त्यास आला, तेथून आगगाडीनें मुंबईस पोंचला व मुंबईहून जहाजानें इजिप्तकडे गेला.

परत आल्यावर १८८२ सालीं त्यानें होनोलुलू येथें इओलानी राजवाडा पुरा केला. १८८७ सालीं तेथें विजेचे दिवे लागले. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरीं ते त्यानंतर, १८९१ सालीं आले. हुला हें तेथील प्राचीन नृत्य अनेकांच्या विरोधामुळें मागें पडलें होतें. त्यास राजानें दरबारांत पुन्हां मानाचें स्थान दिलें.

परंतु साखरेच्या मळ्यांचे मालक आतां राजाहून प्रबळ झाले होते. १८८७ सालीं त्यांनीं सशस्त्र पथकाच्या धाकानें राजाकडून नव्या घटनेवर सही घेतली. तिला लोक ‘संगिनीची घटना’ म्हणतात. तिनें राजाचे अधिकार गेले, आणि मालमत्तेच्या अटीमुळें बहुतेक गरीब हवाईयनांचा मताचा हक्कहि आकुंचित झाला.

५. राणी लिलिउओकालानी

१८९१ सालीं कालाकाउआ वारला व त्याची बहीण लिलिउओकालानी राणी झाली. ती सुशिक्षित व संगीतज्ञ होती. ‘आलोहा ओए’ हें जगप्रसिद्ध गीत तिनेंच रचिलें. प्रजेचे हक्क परत देणारी नवी घटना जाहीर करण्याचा तिनें जानेवारी १८९३ मध्यें विचार केला. तेव्हां तेरा जणांच्या एका मंडळानें कट केला, अमेरिकेच्या वकिलानें त्यास साहाय्य केलें आणि लढाऊ जहाजावरील दीडशेंहून अधिक अमेरिकन शिपाई शहरांत उतरले. ता. १७ जानेवारी १८९३ रोजीं राणीनें, रक्तपात टळावा म्हणून, निषेध नोंदवून राज्य सोडलें. अमेरिकेचें सरकार खरें खोटें पाहून न्याय करील, असा तिला भरंवसा होता. अध्यक्ष क्लीव्हलंड ह्यांनीं चौकशी करविली व घडलें तें अन्याय्य असल्याचें कबूलहि केलें. पण राज्य परत मिळालें नाहीं.

येथें एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. ती झांकून ठेवणें आपल्यासारख्या शाळेंत शिकणाऱ्यांस शोभणार नाहीं. नव्या सरकारचा प्रमुख सॅनफोर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा, आणि कटाचा एक पुढारी लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्याचा नातू. ज्या घरांनीं हवाईस अक्षर दिलें त्याच घरांतील कांहींजणांनीं तिचें राज्य घेतलें. आजोबांचें पुण्य नातवाच्या पापाबद्दल जामीन राहत नाहीं, आणि नातवाच्या पापानें आजोबांचें पुण्यहि खोटें ठरत नाहीं. इतिहास वाचतांना दोन्ही रकाने प्रामाणिकपणें भरावे लागतात.

१८९५ सालीं राणीच्या पक्षाच्या लोकांनीं केलेला उठाव फसला. राणीवर तिच्याच राजवाड्याच्या सिंहासनगृहांत खटला चालला, आणि वरच्या मजल्यावरील एका खोलींत तिला सुमारें आठ महिने कैद करून ठेविलें. वर्तमानपत्रें वाचण्याची तिला बंदी होती. परंतु बागेंतील फुलें तिच्याकडे येत तीं वर्तमानपत्रांच्या कागदांत गुंडाळून येत. फुलें बाजूस ठेवून ती कागद वाची. त्या दिवसांत तिनें व तिच्या सखीनें तुकडे जोडून एक गोधडी शिवली व तिच्यावर आपल्या आयुष्यांतील प्रसंग व तारखा भरून काढल्या.

१८९७ सालीं बेटें अमेरिकेस जोडण्याचा तह वॉशिंग्टनला पुढें आला. तेव्हां हवाईयन स्त्रीपुरुषांनीं बेटोबेटीं फिरून त्याविरुद्ध अर्जावर २१,००० हून अधिक सह्या गोळा केल्या. ७५ वर्षांपूर्वीं जें अक्षर त्यांच्या हातीं आलें त्याचा हा केवढा उपयोग! तो तह मंजूर झाला नाहीं. परंतु पुढच्या वर्षीं स्पेनशीं युद्ध चालूं असतां अमेरिकन काँग्रेसनें साध्या ठरावानें बेटें जोडून घेतलीं. १९५९ सालीं हवाई हें अमेरिकेचें पन्नासावें राज्य झालें, आणि १९९३ सालीं, शंभर वर्षांनीं, अमेरिकेनें कायद्यानें त्या कृत्याबद्दल क्षमा मागितली.

राज्य गेल्यावर भाषाहि जाऊं लागली. १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षणाचें माध्यम इंग्रजी झालें, व शाळेंत हवाईयन बोलल्याबद्दल मुलांस शिक्षा होऊं लागल्या. दोन पिढ्यांत नातवंडांस आजीची भाषा कळेनाशी झाली. १९७८ सालीं हवाईयन ही इंग्रजीच्या जोडीनें राज्यभाषा झाली, १९८४ सालीं त्या भाषेंत चालणारी पहिली बालशाळा निघाली, आणि १९८७ पासून सरकारी शाळांतहि त्या माध्यमाचे वर्ग चालतात. ह्या कामीं जुन्या वर्तमानपत्रांचीं पानें शिक्षकांस मोठ्या खजिन्यासारखीं उपयोगीं पडत आहेत.

राजघराण्याचें द्रव्यहि मुलांच्याच कामीं आलें. कामेहामेहाची पणती राजकन्या पाउआही हिनें आपली सुमारें पावणेचार लाख एकर जमीन शाळांसाठीं ठेविली. तिच्या मृत्यूनंतर १८८७ सालीं कामेहामेहा शाळा सुरू झाल्या. राणी लिलिउओकालानीनें १९०९ सालीं आपली मिळकत अनाथ व निराधार मुलांसाठीं विश्वस्तांच्या स्वाधीन केली. ती १९१७ सालीं वारली. तिचा निधि अद्यापि चालूं आहे.

६. प्रवाशानें काय पाहावें

हवाईस जाण्यास अमेरिकेचा प्रवेशपरवाना लागतो. एका बेटावरून दुसऱ्यावर बहुधा विमानानेंच जावें लागतें. माउई व लानाई ह्यांच्या दरम्यान मात्र प्रवासी बोट चालते. नीहाऊ बेट खासगी मालकीचें असल्यामुळें तेथें सामान्य प्रवाशांस मोकळेपणीं जातां येत नाहीं.

होनोलुलूंत आरंभ इओलानी राजवाड्यापासून करावा. लांकडी जमिनीस ओरखडे पडूं नयेत म्हणून जोड्यांवर कापडी आवरण घालून आंत सोडतात. कोआ लांकडाचा भव्य जिना, सिंहासनगृह आणि वरची ती कैदेची खोली व राणीची गोधडी अवश्य पाहावी. समोर रस्त्यापलीकडे कामेहामेहाचा पुतळा आहे. दरवर्षीं ११ जूनच्या सुमारास त्याच्या हातांवरून व गळ्यांतून लांबच लांब पुष्पमाळा सोडतात. जवळच १८४२ सालीं पोंवळ्याच्या खडकांतून कापलेल्या सुमारें १४,००० चिऱ्यांनीं बांधलेलें कावाइआहाओ मंदिर आहे, आणि शेजारीं मिशनऱ्यांचीं जुनीं घरें आहेत. शहराच्या दुसऱ्या भागांत, राजकन्या पाउआहीच्या स्मरणार्थ तिच्या पतीनें १८८९ सालीं स्थापलेलें बिशप संग्रहालय आहे. तेथें लाखों पिवळ्या पिसांचा राजांचा झगा पाहावयास मिळतो. ज्या पक्ष्याचीं हीं पिसें तो मामो पक्षी आतां पृथ्वीवरून नाहींसा झाला आहे.

हवाई बेटावर पुउहोनुआ ओ होनाउनाउ हें शरणस्थान आहे. निर्बंध मोडणारा किंवा लढाईंत हरलेला मनुष्य येथील भिंतीच्या आंत पोंचला म्हणजे त्यास अभय मिळे. चुन्यावांचून रचलेली ती दगडी भिंत अजून उभी आहे. काइलुआ गांवीं १८३८ सालचा हुलिहेए राजवाडा आहे. किलाउएआचा जागृत ज्वालामुखी १९१६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानांत येतो. हिलो येथें ईस्टरच्या आठवड्यांत कालाकाउआच्या स्मरणार्थ हुलानृत्याचा मोठा महोत्सव भरतो.

माउईवरील लाहाइना ही १८४५ पर्यंत राजधानी होती. तेथें मिशनच्या पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणार्थ १८७३ सालीं हिंदुस्थानांतून आणलेलें वडाचें रोप लावलें. त्याच्या पारंब्या जमिनींत उतरून तें अर्ध्या एकराहून अधिक जागेवर पसरलें. लावणारा विल्यम स्मिथ वीस वर्षांनीं राणीविरुद्धच्या त्या तेरा जणांत होता. पण वडानें सावली देतांना कोणाचा पक्ष पाहिला नाहीं. ८ ऑगस्ट २०२३ च्या भयंकर आगींत गांव जळून गेलें व सुमारें शंभर माणसें मेलीं. वडहि होरपळला, त्याच्या कांहीं फांद्या गेल्या, पण कांहीं आठवड्यांत उरलेल्यांस हिरवी पालवी फुटली. तेथें जाणाऱ्यानें तमाशा पाहण्यास नव्हे, तर शोक झालेल्या घरीं जावें तसें जावें.

७. प्रवाशाचें वर्तन

तेथें राहणारा प्रत्येक मनुष्य ‘हवाईयन’ नव्हे; तो शब्द मूळच्या लोकांच्या वंशजांसच लावतात. जुन्या देवस्थानांच्या दगडांवर चढूं नये व ते हलवूं नयेत. ज्वालामुखीचे दगड घरीं आणूं नयेत. समुद्रांत कांसवें व सील दिसल्यास दुरूनच पाहावीं. कोणी गळ्यांत माळ घातली तर नाकारूं नये, आणि देणाऱ्याच्या देखत काढूंहि नये. उंच पर्वतांवर जातांना गरम कपडे न्यावे; खालीं उकडत असलें तरी वर थंडी असते.

‘आलोहा’ हा एकच शब्द ते लोक स्वागतास, निरोपास व प्रेमास वापरतात. ज्यांचें राज्य, जमीन व भाषा हीं एकामागून एक गेलीं त्यांनीं हा शब्द सोडला नाहीं. लहान राष्ट्राजवळ तोफा नसतील. परंतु न्यायानें वागलेल्या राजाची आठवण, स्वतःच्या भाषेंत लिहिलेलीं पानें आणि मुलांसाठीं ठेवलेली ठेव एवढें असलें, तर तें पुन्हां उभें राहूं शकतें. आपल्या घरीं आजीजवळ कोणते शब्द व कोणत्या गोष्टी आहेत, हें विचारण्यास मात्र हवाईस जाण्याची गरज नाहीं.

अभ्यासासाठीं

१. नकाशांत नागपूर व होनोलुलू ह्यांचे अक्षांश पाहा. दोन्ही ठिकाणच्या हवामानांत फरक कां पडतो?
२. ‘फुटलेल्या वल्ह्याचा कायदा’ राजास कोणत्या अनुभवावरून सुचला? तो कोणाच्या रक्षणासाठीं होता?
३. १८२२ मधील छपाई व १८९७ मधील अर्ज ह्यांचा संबंध आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या घरांतील वडील माणसांस विचारून, आतां वापरांतून गेलेले दहा मराठी शब्द अर्थासह लिहून आणा.